बावट्यांची भाषा: जहाजे एकमेकांशी कापडाने कशी बोलतात

पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबरच्या वादळी दिवसांत कोकणातल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास येते: बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे. मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवण इथल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. होड्या किनाऱ्याला येतात, नांगर पक्के होतात आणि समुद्रात गेलेल्यांची चौकशी सुरू होते. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या बहुतेक वाचकांना मात्र तीन म्हणजे नेमके किती गंभीर, आणि एक किंवा दोन नंबरचा बावटा कुठे जातो, हे ठाऊक नसते. समुद्रावरच्या संकेतांची ओळख करून घ्यायला हे उदाहरण सर्वांत जवळचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

भारतीय बंदरांवरचे वादळाचे इशारे एक ते अकरा अशा क्रमांकांचे असतात. एक आणि दोन हे दूरचे इशारे आहेत. समुद्रात लांबवर हवामान बिघडले असून त्यातून वादळ तयार होऊ शकते, हे एक नंबर सांगतो, तर ते तयार झाले आहे, हे दोन नंबर सांगतो. बंदराला त्यांचा त्या क्षणी थेट धोका नसतो, पण बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजाला ही माहिती हवी असते. तीन आणि चार हे स्थानिक इशारे आहेत. तीन नंबर म्हणजे या बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा उपद्रव होण्याची शक्यता आहे, आणि चार नंबर म्हणजे बंदराला वादळाचा धोका आहे, मात्र टोकाची खबरदारी घेण्याची वेळ अजून आलेली नाही. पाच, सहा व सात हे धोक्याचे, तर आठ, नऊ व दहा हे महाधोक्याचे इशारे. या दोन्ही गटांतली रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिथे क्रमांक केवळ तीव्रता सांगत नाही. वादळ आपल्या वाटेने जाताना बंदर त्याच्या डाव्या हाताला राहणार असेल तर पाच किंवा आठ, उजव्या हाताला राहणार असेल तर सहा किंवा नऊ, आणि ते बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर सात किंवा दहा, अशी ती विभागणी आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळ कोणत्या बाजूने जाते यावर वारा कोणत्या दिशेने येईल आणि पुढे कसा फिरेल हे ठरते, आणि जहाज कसे बांधायचे हेही त्यावरूनच ठरते. अकरा नंबरचा अर्थ सर्वांत अस्वस्थ करणारा आहे: वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी बंदराचा संपर्क तुटला आहे. लहान बंदरांवर हे सगळे क्रमांक वापरले जात नाहीत. तिथे तीन, चार, सात, दहा आणि अकरा एवढेच इशारे पुरतात. वर्तमानपत्रात एक आणि दोनचा उल्लेख क्वचित का येतो, त्याचे उत्तर यात आहे.

बोलीत आपण याला बावटा म्हणत असलो, तरी या पद्धतीत दिवसा कापडाऐवजी शंकू आणि नळकांड्यांचे आकार टांगले जातात व रात्री तांबडे आणि पांढरे दिवे लावले जातात. वादळात कापड फाटते, काठीला गुंडाळले जाते. आकार मात्र कोणत्याही बाजूने ओळखू येतो. 1864 मध्ये कोलकात्याला भीषण चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी अशी इशारा व्यवस्था सुरू झाली. पुढे 1898 मध्ये सर्व भारतीय बंदरांसाठी एकसारखी पद्धत आली. ही एकसारखी पद्धत कशासाठी, हे नीट लक्षात घेतले की समुद्रावरच्या सगळ्याच संकेतांचे मर्म हाती येते. वर टांगलेल्या वस्तूला स्वतःचा अर्थ नसतो. तो आधी, शांतपणे, जमिनीवर बसून ठरवलेला असतो, आणि प्रत्येकाने तो तसाच मानला तरच ती वस्तू बोलते. गुजरातचे गलबत रत्नागिरीत थांबले तरी त्याला तीनचा अर्थ तोच लागला पाहिजे.

जहाजांवरच्या बावट्यांचे शास्त्र हेच तत्त्व फार लांबवर नेते. आज जगभर मान्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत एकूण चाळीस बावटे आहेत: रोमन लिपीच्या अक्षरांचे सव्वीस, अंकांच्या निमुळत्या पताका दहा, आधीच्या बावट्याची पुनरावृत्ती दाखवणाऱ्या पताका तीन आणि उत्तराची पताका एक. एवढ्या साहित्यात, दोन्ही जहाजांवरच्या माणसांना एकमेकांची भाषा अजिबात येत नसली तरी, आजारी खलाशाची लक्षणेसुद्धा कळवता येतात. हे शक्य होते, कारण बावटे सहसा शब्दांची अक्षरे जुळवत नाहीत. एक, दोन किंवा तीन बावट्यांचा संच थेट एका पूर्ण वाक्याकडे बोट दाखवतो आणि ते वाक्य प्रत्येकाला आपापल्या भाषेतल्या पुस्तकात सापडते. संहितेची अधिकृत पुस्तके इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन, जपानी, स्पॅनिश, नॉर्वेजियन, रशियन आणि ग्रीक अशा नऊ भाषांत आहेत. जपानी कप्तान जपानी पुस्तक उघडून संच निवडतो, ग्रीक कप्तान ग्रीक पुस्तकात तो शोधतो, आणि मध्ये भाषांतर करणारा कोणी लागत नाही.

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. सतराव्या शतकात युरोपीय आरमारांमध्ये बावट्याचा अर्थ तो कुठे लावला आहे यावर अवलंबून असे. एकच निशाण मुख्य डोलकाठीवर एक सांगे आणि मागच्या डोलकाठीवर दुसरे. जागा मोजक्या, म्हणून सांगता येण्याजोग्या गोष्टीही मोजक्याच. अठराव्या शतकात बावट्यांना अंक देण्याचा विचार पुढे आला. फ्रेंच नौसेनानी माहे द ला बूर्दोने यांनी 1738 च्या सुमारास त्याची मांडणी केली आणि शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमारात ॲडमिरल हाऊ यांनी क्रमांकांची पद्धत रुजवली. दहा बावट्यांनी कोणताही क्रमांक दाखवता येतो आणि क्रमांकापुढे पुस्तकात हवे ते लिहिता येते. ब्रिटिश नौदल अधिकारी सर होम पॉपम यांनी 1800 मध्ये या क्रमांकांना शब्दकोशच जोडला. तोपर्यंत सेनापती फक्त ठरलेल्या आज्ञा देऊ शकत होता. आता तो मनातले बोलू शकत होता.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 21 ऑक्टोबर 1805 रोजी, ट्रफाल्गरच्या लढाईआधी, ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या व्हिक्टरी या जहाजावरून दिले गेले: इंग्लंडची अपेक्षा आहे की प्रत्येक जण आपले कर्तव्य बजावेल. नेल्सनला आधी इंग्लंडला विश्वास आहे असे म्हणायचे होते. संकेतांचा भार ज्यांच्यावर होता त्या लेफ्टनंट जॉन पास्को यांनी अपेक्षेचा शब्द सुचवला, कारण तो पुस्तकात होता आणि विश्वासाचा नव्हता. तो एकेक अक्षर लावून दाखवावा लागला असता आणि समोर शत्रूचे आरमार उभे होते. नेल्सनने ते लगेच मान्य केले. मग इंग्लंडसाठी 253, अपेक्षेसाठी 269 अशा तीन-तीन बावट्यांच्या संचांनी इंग्रजी वाक्यातले पहिले आठ शब्द वर गेले. शेवटचा, कर्तव्य या अर्थाचा शब्द पुस्तकात नव्हताच, म्हणून त्याची चार अक्षरे 4, 21, 19 आणि 24 या अंकांनी एकेक करून लावावी लागली. एकूण बारा संच, एकतीस बावटे. जगाच्या लक्षात राहिलेल्या या वाक्याचे शब्द असे अंशतः शब्दकोशाने ठरवले आहेत आणि मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही. घाईच्या वेळी समोरच्याला नक्की कळेल असा शब्द निवडणे हेच त्या अधिकाऱ्याचे काम होते आणि ते त्याने उत्तम केले.

अशा पुस्तकाचे रक्षण जिवापाड केले जाई. त्याला शिसे जोडलेले असे, म्हणजे जहाज शत्रूच्या हाती पडू लागताच ते पाण्यात टाकता यावे आणि त्याने थेट तळ गाठावा. तरीही 1803 मध्ये एक पुस्तक फ्रेंचांच्या हाती लागले आणि ब्रिटिशांना बावट्यांचे रंग व अंक यांची जोडणी बदलावी लागली. हा बदल पुढच्या पिढ्या विसरल्या. एकोणिसाव्या शतकात ट्रफाल्गरच्या स्मरणार्थ नेल्सनचा तो संदेश लावताना 1799 च्या जुन्या पुस्तकातले रंग वापरले जात होते. ही चूक 1908 मध्ये ब्रिटिश नौदल खात्याचे ग्रंथपाल पेरिन यांनी कागदपत्रांवरून उघड केली.

व्यापारी जहाजांची गरज वेगळी होती. त्यांना गुप्तता नको होती; उलट कोणत्याही देशाच्या कोणत्याही जहाजाला कळेल अशी उघडी भाषा हवी होती. ब्रिटिश व्यापार मंडळाने त्यासाठी समिती नेमली आणि 1857 मध्ये अठरा बावट्यांची संहिता प्रसिद्ध केली. तिच्यात रोमन लिपीतले स्वर घेतलेलेच नव्हते. कारण साधे आहे: स्वर असते तर चार बावट्यांच्या संचातून कोणत्या ना कोणत्या भाषेतला अभद्र शब्द तयार झाला असता. एका संचात कोणताही बावटा दोनदा येत नसे. हिशेब करून पाहिला, तर अठरा बावट्यांतून दोन, तीन आणि चारचे मिळून 78,642 वेगवेगळे संच निघतात. एवढ्यात जहाजांची नावे, बंदरे, माल, वादळे, आजार असे सगळे बसवता येत होते. संहितेचा पसारा पुढे वाढत गेला, पहिल्या महायुद्धात तिच्या उणिवा उघड झाल्या आणि 1930 च्या दशकात ती नव्याने मांडली गेली. सध्याची आवृत्ती 1 एप्रिल 1969 पासून अमलात आहे. तिने लांबलचक शब्दकोश बाजूला ठेवून जहाजाची व माणसांची सुरक्षितता हाच विषय केंद्रस्थानी ठेवला, हा माझ्या मते या सबंध इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

नव्या मांडणीत एकेकटा बावटा सर्वांत निकडीच्या वाक्यांसाठी राखून ठेवला आहे. प्रत्येक अक्षराच्या बावट्याला ठरलेले नाव आहे: O म्हणजे ऑस्कर, V म्हणजे व्हिक्टर, असे. तांबडा आणि पिवळा असा तिरका दुभागलेला ऑस्कर म्हणजे माणूस पाण्यात पडला आहे. पांढऱ्यावर तांबडी फुली असलेला व्हिक्टर म्हणजे मला मदत हवी आहे. तांबड्या-पांढऱ्या चार चौकोनांचा युनिफॉर्म म्हणजे तुम्ही धोक्याकडे चालला आहात. पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा गोल्फ बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवून आत आणणारा माणूस, मागतो, आणि पायलट शिडीवरून चढून आला की त्याच्या जागी अर्धा पांढरा, अर्धा तांबडा हॉटेल लागतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी पायलट घेऊन आत शिरणाऱ्या जहाजावर नजर टाकली, तर हा तांबडा-पांढरा बावटा ओळखता येईल. निळ्यावर पांढरा चौकोन असलेला पापा बंदरात लागला की जहाज सुटण्याच्या बेतात आहे आणि सर्वांनी चढावे, असा अर्थ. दोन बावट्यांचे संच त्याखालोखालच्या निकडीचे आणि नेमक्या मजकुराचे असतात. नोव्हेंबर आणि चार्ली एकाखाली एक दिसले तर ते जहाज संकटात आहे आणि तातडीने मदत मागत आहे. तीन बावट्यांचे, माइकने सुरू होणारे संच वैद्यकीय सल्ल्यासाठी आहेत.

रंगांची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. पाचच रंग वापरले जातात: तांबडा, निळा, पिवळा, काळा आणि पांढरा. दूर अंतरावर, विरत्या उजेडात पिवळा आणि पांढरा एकमेकांत मिसळतात, आणि सव्वीस अक्षरांपैकी एकाही बावट्यात हे दोन रंग एकत्र नाहीत. अर्थ फक्त रंगावर टांगलेला नसून फुली, चौकोन, पट्टे आणि कर्ण यांच्या आकृतीवरही आहे, म्हणून रंग फिके झाले तरी आकृतीवरून बराचसा अंदाज येतो. एका संचात अक्षर पुन्हा आले तर बावट्यांचा दुसरा जोड बाळगावा लागत नाही. वैद्यकीय सल्ला तातडीने हवा असेल तर माइक, अल्फा आणि पुन्हा अल्फा लावायचे असतात. तिथे तिसऱ्या जागी दुसऱ्या क्रमांकाची पुनरावृत्ती-पताका लागते आणि ती म्हणते की वरून दुसरा बावटा पुन्हा वाचा. वाचन नेहमी वरून खाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंगलफील्ड नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने पितळेची एक आकडी तयार केली. तिची खाच दुसऱ्या आकडीत फिरवली की बावटे क्षणात एकमेकांना जोडले जातात. त्याआधी प्रत्येक बावटा लाकडी खुंटी आणि दोरीच्या फासाने जोडावा लागे. वाऱ्यात, ओल्या बोटांनी ते काम करून पाहिलेल्या माणसालाच त्या आकडीची खरी किंमत कळेल.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती उत्तराची पताका. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची ही निमुळती पताका संदेश घेणारे जहाज लावते. संदेश दिसला की ती दोरीवर अर्ध्यापर्यंत चढवायची. पुस्तकात शोधून अर्थ लागला की पूर्ण वर न्यायची. पाठवणाऱ्याने आपला संच उतरवला की पुन्हा अर्ध्यावर आणायची आणि पुढच्या संचाची वाट पाहायची. दिसणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या पद्धतीने दोरीच्या उंचीवर उतरवले आहे. उत्तराची पताका पूर्ण वर जाईपर्यंत पाठवणाऱ्याने आपला संच उतरवायचा नसतो. समजले नाही असे सांगण्याचीही सोय आहे: झुलू आणि लिमा म्हणजे तुमचा संदेश मिळाला पण कळला नाही, आणि झुलू व क्वेबेक म्हणजे तुमच्या संदेशात चूक दिसते, तपासून पुन्हा पूर्ण दाखवा. न कळल्याची कबुली देण्यात संकोच वाटू नये, म्हणून तिलाही संहितेत मानाची जागा दिली आहे.

पिवळ्या बावट्याची गोष्ट मुंबईच्या वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. पूर्वीच्या काळी पिवळे निशाण म्हणजे जहाजावर साथ आहे, असाच समज होता आणि लोक त्याच्याकडे धास्तीने पाहत. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा मुंबईहून निघालेल्या जहाजांवर परदेशी बंदरांनी कडक निर्बंध घातले आणि 1897 मध्ये व्हेनिसला प्लेगसंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आजच्या संहितेत पिवळ्या क्वेबेकचा अर्थ जवळजवळ उलटा आहे: माझ्या जहाजावर सर्व निरोगी आहेत आणि मला बंदरात व्यवहार करण्याची आरोग्य-परवानगी हवी आहे. ही परवानगी आता बहुधा जहाज पोहोचण्याआधीच संदेशांनी मागितली जाते. विलगीकरणात ठेवलेल्या जहाजासाठी बंदरात लिमा आहे, म्हणजे पिवळ्या-काळ्या चौकोनांचा बावटा. समुद्रावर मात्र तोच लिमा समोरच्या जहाजाला तत्काळ थांबण्याचा हुकूम देतो.

मासेमारी करणाऱ्यांसाठी संहितेने काही अक्षरांना वेगळा अर्थ दिला आहे. एकाच मत्स्यक्षेत्रात जवळजवळ काम करणाऱ्या नौकांमध्ये झुलू म्हणजे मी जाळे सोडत आहे, गोल्फ म्हणजे जाळे ओढत आहे आणि पापा म्हणजे माझे जाळे कशात तरी अडकले आहे. जाळ्यावरून दुसऱ्याची नौका गेली तर नुकसान किती होते, हे कोणत्याही मच्छीमार कुटुंबाला विचारावे. संहितेला हे तपशील महत्त्वाचे वाटले याचे मला मोठे समाधान आहे.

संदेशाचे बावटे आणि ओळखीचे ध्वज यांत गल्लत करू नये. राष्ट्राचा किंवा नौदलाचा ध्वज जहाज कोणाचे ते सांगतो, काय घडते आहे ते सांगत नाही. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल होताना अनावरण झालेल्या भारतीय नौदलाच्या ध्वजावरचा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. तो ध्वज ओळखीचा आहे. नौदल कार्यक्रमांत डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत, आणि मागच्या टोकापर्यंत रंगीबेरंगी बावट्यांची माळ दिसते. तिथे संदेशाचेच बावटे असतात, पण ते काही सांगत नाहीत. माळेतला क्रम आधी ठरलेला असतो, म्हणजे रंगांची सरमिसळ चांगली दिसते आणि चुकून एखादे वाक्य तयार होत नाही. शाबासकी द्यायची असेल तेव्हा नौदलांत ब्राव्हो झुलू म्हणतात. तो संच मात्र नौदलांच्या स्वतंत्र संकेतपुस्तकातला आहे, आंतरराष्ट्रीय संहितेतला नाही. संहितेत निरोपाचे वाक्य युनिफॉर्म आणि व्हिस्की यांनी दिले आहे: तुमचा प्रवास सुखाचा होवो.

शिडांच्या शर्यतींनी याच बावट्यांना आणखी एक व्यवस्था दिली आहे. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे आणि शिडाच्या नौकांच्या शर्यतींची परंपरा या बंदरात जुनी आहे. शर्यतीच्या नेहमीच्या आरंभक्रमात पाच मिनिटे आधी शर्यतीतल्या नौकांच्या वर्गाचा बावटा चढतो, चार मिनिटे आधी पापा चढतो, एक मिनिट उरले की पापा उतरतो आणि वर्गाचा बावटा उतरला की शर्यत सुरू. सोबत भोंगा किंवा बार होतो, पण वेळ मोजायची ती बावट्यावरून, कारण आवाज अंतर कापायला वेळ घेतो आणि दृश्य लगेच पोहोचते. इथे उत्तराच्या पताकेचा अर्थही बदलतो: आरंभ पुढे ढकलला आहे.

रेडिओ, उपग्रह आणि जहाजांची ओळख आपोआप प्रसारित करणारी यंत्रे असताना हे कापड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तरीही आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार, ज्या जहाजावर रेडिओयंत्रणा अनिवार्य आहे, त्याने संकेतसंहितेचे पुस्तक बाळगलेच पाहिजे. रेडिओवर आवाज येतो, पण आसपासच्या दहा जहाजांपैकी कोण बोलते आहे हे त्या आवाजाला चिकटलेले नसते. बावटा ज्या जहाजावर आहे त्याचाच असतो आणि तो सतत बोलत राहतो. म्हणून पाण्याखाली माणूस असल्याचे सांगण्यासाठी आजही अल्फा वापरतात: काठीच्या बाजूला पांढरा, बाहेरच्या बाजूला निळा, टोकाशी दुभागलेला. मालवण आणि तारकर्लीच्या पाण्यात पर्यटक स्कूबा डायव्हिंगला जातात, त्या भागात नौका चालवणाऱ्यांनी आणि बसणाऱ्यांनीही तो ओळखलाच पाहिजे. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डायव्हिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान नौकेला, मोठ्या नौकांचे ठरलेले दिवे आणि आकार लावणे शक्य नसेल तर, अल्फाची किमान एक मीटर उंचीची ताठ प्रतिकृती लावावी लागते, आणि ती चारही बाजूंनी दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. ताठ अशासाठी की वारा पडला तर कापड काठीला लोंबकळते आणि वाचता येत नाही. तो बावटा दिसला की वेग कमी करायचा आणि त्या नौकेपासून पुरेसे लांबून जायचे, कारण पाण्याखालचा माणूस तिच्यापासून नेमका किती अंतरावर वर येईल हे वरून कोणालाच दिसत नाही.